वडिलांच्या बहिणी

शोभाची दवाखान्याची फाइल अजून माझ्याकडे आहे. फिकट पिवळी, कोपरे मऊ पडलेली, वर तिच्या नवऱ्याच्या अक्षरात तिचं नाव. माझी फाइल निळी आहे. दोन्ही एकाच कापडी पिशवीत ठेवते. शोभा माझी धाकटी बहीण. ती गेली आणि मी आहे. हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. घरात फेऱ्या मारल्या, घासलेली भांडी पुन्हा घासली. त्या दवाखान्यांच्या बाकांवर आज जी कुणी बसली असेल तिला उपयोग व्हावा म्हणून लिहायचं, तर जिथं मी चुकले तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी शिरूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. तिथं वडील, म्हणजे आबा, आणि थोरला भाऊ, दादा. शोभाला दौंडला दिली होती. तिचे यजमान भास्करराव रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शोभाला आंघोळ करताना गाठ लागली आणि तिनं ती सहा महिने पदराखाली ठेवली. मला सांगितलं तेही मेथी निवडता निवडता, खाली बघून. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर वयस्कर होते, बाहेर रांग होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता का हा आजार? आई, आजी, मावशी?"

शोभानं माझ्याकडे पाहिलं. घरातले फॉर्म मीच भरायची, असल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची. आई हृदयविकारानं गेली होती. आजी म्हातारपणानं. मावश्या दोन्ही धडधाकट, एक तर अजून खुरपायला जायची.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तो शब्द लिहिला. पिवळ्या फाइलच्या पहिल्याच पानावर तो आहे. माझ्या उत्तरामुळे शोभाचे उपचार बदलले असते असं नाही; तसं मला पुढं एका डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. बदललं असतं ते नंतरचं. "तुम्हीही तपासून घ्या," असं मला त्या दिवशी कुणीतरी म्हटलं असतं.

दोन वर्षांनी शोभा गेली. वडगावला सुतक तीन दिवसांचं. दिलेल्या लेकीचं माहेरी तेवढंच पाळतात. चौथ्या दिवशी दादानं उसाला पाणी सोडलं. मला राग आला नाही, पाळी चुकली तर ऊस वाळतो. पण मोटारीचा आवाज कानावर आला तशी मी उठले, बांधाबांधानं नदीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तेव्हापासून माझे पाय असे आहेत. बसवत नाही.

*

माझी गाठ मला काही वर्षांनी, पुस्तकमोजणीच्या आठवड्यात सापडली. सगळ्यात वरच्या फळीवरचे कोश काढायला हात वर केला आणि काखेजवळ काहीतरी ताणलं. पुस्तक तसंच हातात धरून मी स्टुलावर उभी राहिले. शिपाई खालून म्हणाला, "मॅडम, देता का ठेवता?"

शोभासारखे सहा महिने मी लावले नाहीत. सहा दिवस लावले. ते सहा दिवस मी वर्गांतून, व्हरांड्यातून, एसटी स्टँडपर्यंत आणि परत, अशी नुसती चालत होते. मग दादाला फोन केला. तो मोटरसायकलवरून तासाभरात आला. चिखलाचे पाय, खिशात नवा मोबाइल.

शिरूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तोच प्रश्न विचारला. मी बोलायच्या आत दादा म्हणाला, "न्हाई साहेब. आपल्या घरात कुनालाच न्हाई. हीच पहिली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "दादा, शोभा?"

"शोभा दौंडची की."

तो खोटं बोलत नव्हता. गावाचा पत्ता सांगावा तसं त्यानं ते सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. "सख्खी बहीण?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

बाहेर आल्यावर दादानं मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. "तसं न्हवतं मला म्हनायचं," तो म्हणाला. "पर घर म्हंजी घर असतं ना, निमे."

मला दिली नव्हती, म्हणून मी घरातली. आबांच्या रेशनकार्डावर माझं नाव अजून होतं. या हिशेबानं आमच्या घरात हा आजार पहिल्यांदाच आला होता.

*

पुण्याला माझ्याबरोबर भास्करराव आले. मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, "आक्का, मला तिथले सगळे जिने माहीत आहेत." दौंडहून ते रेल्वेनं यायचे, मी शिरूरहून एसटीनं, आणि हॉस्पिटलच्या फाटकात भेटायचो. कुठल्या बाकावर पंखा लागतो, कुठल्या खिडकीवरचा माणूस जेवायच्या सुट्टीआधीच उठतो, हे सगळं त्यांना पाठ. त्यांच्या पाठांतराचा मला आधार वाटे आणि ते पाठ कसं झालं तेही आठवे.

या वेळची डॉक्टर तरुण होती. तिनं कोरा कागद आडवा घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. मी, शोभा, दादा. वर आई, आबा. आईच्या बाजूला मावश्या, मामा, आजी. जिला आजार झाला तिचा गोल ती पेन्सिलीनं भरून काढत होती. शोभा भरली. मी भरले. मग तिनं आबांच्या चौकोनापासून एक रेघ आडवी ओढली.

"वडिलांना बहिणी?"

"दोन होत्या. दोघी गेल्या."

"कशानं?"

 हळूहळू आठवलं. ठकू आत्या गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आई शेजारणीला चुलीपाशी सांगत होती, "थानाला गळू झालं. फुटलं न्हाई, तिला घेऊनच गेलं." सोना आत्याचं तर मला काहीच सांगता येईना. नजर लागली, एवढं कुणीतरी म्हणालं होतं. मी, जिला पाच हजार पुस्तकांचे कप्पे तोंडपाठ आहेत.

"बापाकडून पण येतं का हे?" भास्कररावांनी विचारलं. माझ्या मनातही तेच होतं.

"येतं. बापाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही. तो फक्त पुढं देतो."

एखाद्या कुटुंबात एकाच जनुकात मोठा दोष असतो, त्याची तपासणी करता येते, असं ती म्हणाली. माझं रक्त पाठवलं. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला : तसा दोष सापडला नाही. मी सुस्कारा टाकला.

"इतक्यात नको," डॉक्टर म्हणाली. "आपल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. वाढ, थांब, आता पुरे. हे निरोप घेणारे, पुढं नेणारे जे भाग असतात ते जनुकांवरून बनतात, आणि त्या जनुकांत माणसामाणसांत बारीक फरक असतात. एकेका फरकानं धोका अगदी थोडा वाढतो. काहींनी कमीही होतो. पण वाढवणारे बरेचसे एका घरात एकत्र आले, तर त्या घरातल्या बायकांचा कागद असा दिसतो."

भास्करराव पुढं सरकले. "म्हणजे सिग्नल हिरवाच अडकून राहतो?"

"अडकत नाही. थोडा लवकर हिरवा होतो, थोडा उशिरा लाल."

त्यांनी त्यावर मनापासून विचार केला. "तेवढ्यानं अपघात होत नाही मॅडम. तेवढ्यानं आम्हाला मेमो येतो."

ती हसली. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. मग ती म्हणाली, "एकाच मार्गावरचे चार-पाच सिग्नल तसले असले, आणि वर्षानुवर्षं गाड्या जात राहिल्या, तर?"

भास्करराव पुन्हा मागं सरकले.

"माझ्यात त्यातले कोणते आहेत, ते बघता येईल?" मी विचारलं.

"आज नाही. आता कुठं कळायला लागलंय. तुमच्याबद्दल मी खात्रीनं काही सांगू शकत नाही."

जुन्या पोथीच्या नकला करताना अक्षर बदलतं, त्याला आम्ही पाठभेद म्हणतो. एखादा पाठभेद अर्थ बिघडवत नाही. वाचणाऱ्याला कळतही नाही. नक्कल करणारा मात्र तो इमानदारीनं पुढं उतरवत जातो. मी हे मनात घोळवत होते तेवढ्यात डॉक्टरनं विचारलं, "भावाला मुली?"

"एक. वैशाली. बावीस वर्षांची."

तिनं दादाच्या चौकोनाखाली एक गोल काढला आणि रिकामा ठेवला. "हिच्या जागेवरून बघा," ती म्हणाली. "तुम्ही दोघी तिच्या वडिलांच्या बहिणी."

*

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. ते झोपेत झालं. केमो जागेपणी झाली.

वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर कारेगावच्या एक बाई होत्या. कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देत. केस गेल्यावर त्या म्हणाल्या, "भाडेकरू वळखीना मला. म्हनला, आजोबा, मालकीन कुठं गेली?" सगळा वॉर्ड हसला. मग मला म्हणाल्या, "तुमचं बरंय ताई. शिकल्याली मानसं, भ्या वाटत नसंल."

"जास्त वाटतं," मी म्हणाले.

मला पडून राहवत नसे. सलाईनचा स्टँड घेऊन मी व्हरांड्यात फिरायची. सिस्टर ओरडायच्या, "अहो मॅडम, बसा की! सलाईन काय फिरायला आलंय?" दोन पुस्तकं नेली होती, दोन्हीची खूण शेवटपर्यंत पहिल्याच प्रकरणात राहिली. वाचायला गेले की ओळीच्या खाली तो रिकामा गोल दिसायचा.

भास्करराव डब्यात मुगाची खिचडी आणायचे. "आधी आलेपाक चघळा. शोभाला चालायचा." एकदा पाण्याचा पेला पुढं करताना म्हणाले, "शोभा, हळू." दोघांनीही ते ऐकलं. मी पाणी प्यायले.

*

चौथ्या केमोनंतर जरा ताकद आली तशी डोक्याला रुमाल बांधून वडगावला गेले. घरात गडबड होती. वैशालीला स्थळ आलं होतं. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, परमनंट. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची.

वैशाली चहाला आत गेली तेव्हा मी दादाला कागदाबद्दल सांगितलं. ती मोठी तपासणी निर्दोष आली हेही सांगितलं, आणि तरीही वैशालीला आता दाखवायला हवं, मग दरवर्षी, हेही.

दादानं आधी आतल्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "निमे, एक वरीस थांब. लगीन होऊ दे. मंग सांग काय सांगायचं ते."

"मग ती त्यांची होईल."

"व्हय. मंग तिची मानसं बघतील."

"आणि तुला कुणी विचारलं, तर तू म्हणशील, आपल्या घरात कुणाला न्हाई."

तो उठला. "तुला पोर असती म्हंजी कळलं असतं," तो म्हणाला, आणि चपला घालून मळ्याकडं गेला.

ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यापाशी गेले. "आबा, आत्या कशानं गेल्या?"

"आजारानं."

"कुठल्या?"

"बाईमानसाचा. इचारतं व्हय कुनी?"

मी आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. घरातल्या साऱ्या कागदांत त्या दोघींची नावं एकाच कागदावर असणार हे मला माहीत होतं : हक्कसोडपत्र. आजोबा वारल्यावर आबांनी दोघींना शिरूरच्या कचेरीत बोलावलं होतं. जमिनीतला वाटा भावाला सोडून त्यांनी सही केली, साडीचोळी घेतली आणि आपापल्या गावी गेल्या. आमच्याकडं सगळ्याच बहिणी करतात. आमच्या घरात बहिणी मोजल्या गेल्या त्या तेवढ्याच एका दिवशी.

मी वाचून दाखवलं. ठकूबाई, खाली अंगठा. सोनाबाई, खाली मोठाल्या अक्षरांत सही.

"सोनीची सही हाय?" आबांनी हात पुढं केला. कागदावर बोट फिरवलं. "माज्याच पाटीवर शिकली ती."

मी कागद त्यांच्याकडंच राहू दिला. मग ते स्वतःहून बोलले.

"शेवटाला सोनी आली व्हती. पदर बाजूला करून आईला दावलं तिनं. आईनं लेप लावला. पंधरा दिस ऱ्हाऊ का, म्हनली. म्यां तिसऱ्या दिशी गाडीत घातली आन् नदीपत्तुर नेली. दिल्याली लेक आजारी घरी ठिवली की लोकं म्हंत्यात, सासरच्यांनी टाकली. तवा पूल न्हवता. नावंत बसल्यावर तिनं हाक मारली, दादा, वळून बघ की. मी बैलं वळवत व्हतो."

एवढंच. वैशाली चहा घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते चहावरच्या सायीवरून कळत होतं.

मी रिकाम्या हातानं शिरूरला परतले.

*

दोन आठवड्यांनी सकाळी सातला दार वाजलं. बाहेर आबा. धुतलेलं धोतर, नवी टोपी. मागं वैशाली.

"पुन्याला चाललोय," आबा म्हणाले. "डोळं तपासायला. पोरगी सोबतीला घेतली. तू बी चल."

आबा हातपाय धुवायला गेले तेव्हा वैशाली कुजबुजली, "आत्या, आबांचे दोन्ही मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली. पप्पांच्या लक्षातच आलं नाही."

"आणि तो मुलगा?"

"त्याला मी फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाला, घरी विचारून सांगतो. मी म्हटलं, मीपण."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. वैशालीच्या तपासणीत काही निघालं नाही. तेवढ्यानं काही संपत नाही. ती दरवर्षी जाते, आणि त्याआधीच्या आठवड्यात मी अंगणात फेऱ्या मारते. ते स्थळ गेलं. दादा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "तिची पुढची तारीख कवा हाय?" माझी निळी फाइल अजून बंद झालेली नाही, पण तिच्यातली पानं आता हळू वाढतात. कारेगावच्या बाई गेल्या, त्यांची बंद झाली.

हे वाचणाऱ्या कुणाला डॉक्टर तो प्रश्न विचारतील, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. ज्या लग्न होऊन गेल्या त्या आठवा. आईकडच्या आठवा आणि बापाकडच्याही. ज्यांच्या आजाराचं नाव चुलीपाशी हळू आवाजात घेतलं गेलं, त्या आठवा. नसेल आठवत तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो चिडला तरी.

त्या दिवशी त्याच खोलीत त्याच तरुण डॉक्टरनं नवा कागद आडवा घेतला. मध्यभागी वैशालीचा गोल काढला. "घरात कुणाला होता का हा आजार?"

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं, अगदी शोभानं पाहिलं होतं तसं. मी बोलणार, तोच आबांनी काठी जमिनीवर टेकली.

"हाय," ते म्हणाले. "लिवा. ठकूबाई, माजी बहीन. सोनाबाई, माजी बहीन." ते थांबले. "शोभा. माजी लेक. आन् ही."

डॉक्टर एकेक गोल भरत गेली. मग तिनं विचारलं, "आजोबा, ठकूबाई गेल्या तेव्हा किती वयाच्या होत्या?"

आबांना माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकू लागला. "दुष्काळ पडला त्या साली तिचं दुसरं पोर रांगत व्हतं," ते पुटपुटले. "त्याच्या आदल्या साली आमी हीर खांदली. तवा सोनीचं लगीन व्हायचं व्हतं... थांबा. आठवतो."

बाहेर रांग होती. कुणीतरी दार ढकलून आत डोकावून गेलं. डॉक्टरनं पेन्सिल कागदावर तशीच टेकवून ठेवली, वैशालीनं आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी खुर्चीत बसून राहिले.